विजयमालाबाईंनी पारखलेला तंबू

विजयमाला खराड्यांनी पारखून आणलेली वस्तू कधी फसली, असं माधवनगरच्या त्या गल्लीत कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. माठ घ्यायचा तर आधी बोटानं वाजवायच्या, मग कान लावायच्या, मग आत तोंड घालून वास घ्यायच्या. कुंभारीण वैतागून म्हणायची, "मावशी, माठ न्यायचाय का सोयरीक जमवायचीय?" साडीचा पदर उन्हाला धरून बघितल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायच्या नाहीत. नवरा लालासाहेब उभा जन्म यंत्रमागावर जॉबर होते, माग दुरुस्त करणारे. कापडातला तुटका धागा त्यांना लांबून दिसायचा, पण घरात साधी चादर आणायची झाली तरी म्हणायचे, "तिला विचारा. मला विणायचं कळतं, घ्यायचं तिला कळतं." शेजारपाजारच्या सुना कुकर घ्यायला जाताना बाईंना बरोबर न्यायच्या. बाईंनाही त्याचं बरं वाटायचं. देवानं शिक्षण बेताचं दिलं, पण हात पारखी दिला, असं त्या मनाशी म्हणायच्या आणि दत्ताच्या तसबिरीला हात जोडायच्या.

म्हणून मासे धरायला गेल्यावर रात्री अंग टाकायला आडोसा कोणता घ्यायचा, हा प्रश्न निघाला तेव्हा तो आपसूक त्यांच्याकडंच आला.

माशांचा नाद लालासाहेबांना उतारवयात लागला. माग बंद पडले, कारखान्याच्या दाराला कुलूप लागलं, आणि हा बोलका माणूस घरात भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. मुलगा शिवतेज सैन्यात, लांब बर्फात. घरात दोघंच, आणि त्यातलं एक मुकं. बाईंनी त्या दिवसांत किती गुरुवार धरले, ते देवालाच ठाऊक.

त्यांना भिंतीपासून उठवलं ते इलाही शिकलगारनं. इलाही शेजारच्या मागावरचा जुना सोबती. माग गेल्यावर त्यानं शिलाईचं मशीन टाकलं आणि ट्रकच्या, ट्रॉलीच्या ताडपत्र्या शिवायला लागला. एक दिवस तो गळ घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "चल रं लाला. भिंत काय कुठं पळून जात न्हाई."

तेव्हापासून शनिवार उजाडला की दोघं इलाहीच्या छोट्या हत्तीत, म्हणजे बारक्या टेम्पोत बसून साताऱ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यावर जायचे. कृष्णा दाराशी सोडून एवढ्या लांब कशाला, असं कुणी विचारलं की इलाही म्हणायचा, "हितं काठाला झोपायचं म्हंजे मगरीच्या दारात हातरूण टाकायचं. आपण मासा धरायला जायाचं, का कुणी आपल्याला?" धरणावर कटला मोठा मिळायचा. पेंड आणि मैद्याचे गोळे गळाला लावायचे, रॉडच्या टोकाला बारकी घंटी बांधायची आणि वाट बघायची. मोठा मासा पहाटे लागतो, म्हणून रात्र तिथंच काढायची.

विजयमालाबाई माळकरी. मासा त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. जो काही मिळायचा तो इलाहीच्या घरी जायचा, आणि लालासाहेबांना खायचा झाला तर इलाहीची बायको सलिमा त्यांना आपल्या ओट्यावर बसवून वाढायची.

"घरात आणायची सोय न्हाई, त्या माशासाठी थंडीत कुडकुडत बसता," बाई म्हणायच्या.

"खायाला कोण जातंय गं," लालासाहेब म्हणायचे. "ती घंटी वाजती ना, तेवढ्यासाठी जातो."

माणूस पुन्हा बोलायला लागला होता. बाईंना तेवढं पुरेसं होतं.

मग एका हिवाळ्यात लालासाहेबांच्या छातीत कफ धरला. न्यूमोनियापर्यंत गेलं. डॉक्टरांनी बजावलं, आता गारठ्यात उघड्यावर झोपणं बंद. मासे धरायला जाऊच नका, असं बाईंना म्हणता आलं असतं. गल्लीतल्या सगळ्यांनी तोच सल्ला दिला. पण भिंतीकडं बसलेला नवरा त्यांनी बघितला होता. तो पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती. माणूस जगलाही पाहिजे आणि धरणावर गेलाही पाहिजे, तर मग आडोसा असा हवा की वाऱ्याचा कण आत येता कामा नये. हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

इलाहीनं आपलं पाल दाखवलं. मधे आडवा बांबू, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरलेली ताडपत्री, पुढून आणि मागून सताड उघडं. त्याच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत ते उभं केलं होतं. बाई वाकून आत गेल्या, हात फिरवला, आणि बाहेर येऊन पदर सावरत म्हणाल्या, "भावजी, हे पाल हाय का पिठाची चाळण?"

"वैनी, घंटी वाजली की उठून पळाय लागतंय. दार लावून झोपलो तर मासा थांबतोय व्हय?"

"दार नसलेल्या घरात मी ह्यांना झोपू द्यायची न्हाई."

"आमी मासं धरायला जातोय वैनी, बाळंत व्हायला न्हाई," इलाही म्हणाला. लालासाहेब एवढे हसले की त्यांना ढास लागली, आणि त्या ढाशेनंच बाईंचा निकाल पक्का झाला.

सांगलीतल्या दुकानात त्यांनी तंबू उभा करायला लावला. आत जाऊन बसल्या, झिप ओढली, शिवणीतून उजेड येतो का ते बघितलं. तळ खालीच शिवलेला होता, म्हणजे साप-विंचवाची भीती नाही, ओल वर येणार नाही. दुकानातलं पोरगं म्हणालं, "काकू, वर जाळी आहे, हवेसाठी." बाईंना ती जाळी काही पटली नाही. घरी आणल्यावर जुना रेनकोट फाडून त्याचं कापड त्यांनी जाळीला आतून शिवलं, दुहेरी टाका घालून. मग अंगणात तंबू उभा केला, आत बसल्या आणि पेटलेली उदबत्ती झिपच्या कडेकडेनं फिरवली. धूर कुठं हलला नाही, सरळ दोऱ्यासारखा वर गेला.

"बघा," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "कुठनं म्हणून वारा येत न्हाई."

लालासाहेबांनी कौतुकानं मान हलवली.

राहता राहिला गारठा. पौष लागला होता. त्या आठवड्यात शिवतेजचा फोन आला, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "तिकडं थंडीचं काय करता रं बाळा?"

"काय नाही आई. तंबूत बुखारी असते, शेगडीसारखी. एवढी ऊब असते की घाम येतो. तू नको काळजी करू."

फोन ठेवल्यावर बाईंच्या मनात ते घोळत राहिलं. लेक बर्फात तंबूत शेगडी ठेवून ऊबेत झोपतो, तर बापानं का कुडकुडावं. त्यांनी माळ्यावरची लोखंडी शेगडी काढून घासली. बाभळीचा कोळसा पिशवीत भरला. लाकूड नको, लाकडाचा धूर त्यांच्या छातीला चालायचा नाही. निघताना चार वेळा बजावलं, "भायेर चांगला लाल होऊ द्या. धूर पार गेला की मगच आत घ्या. आणि झिप वरपतूर लावा."

"व्हय गं," लालासाहेब म्हणाले. "तुझ्या पोराच्या पलटणीत भरती झालो असं समज."

रविवारी सकाळी बाई पूजेला बसल्या होत्या. देवांना आंघोळ घालून झाली होती, गंध उगाळायचं चाललं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पूजेत त्या फोन घेत नसत. पण तो थांबून पुन्हा वाजला, परत वाजला.

"वैनी," इलाहीचा आवाज आला. "लालासाब उठंना झाल्यात."

"उठंनात म्हणजे?"

"हलवलं. पाणी मारलं. श्वास हाय. डोळं उघडंनात. साताऱ्याला घिऊन निघालोय."

बाईंच्या हातात सहाण तशीच होती. ती त्यांनी खाली ठेवली की कुठं ठेवली, हे त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. सलिमा धावत आली, शेजाऱ्यांनी गाडी काढली. वाटेत कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी मांडीवर धरून ठेवली, उघडली नाही. उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, ड्रायव्हर हॉर्न देत होता, सलिमा पुटपुटत काहीतरी पढत होती. बाई दत्ताचं नाव घ्यायला बघत होत्या. तोंडातून नाव निघायचं, अर्ध्यावर तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. एकच गोष्ट डोक्यात येत होती, की छातीचं दुखणं उलटलं. तंबू एवढा चांगला घेतला, तरी गारठा आत शिरला कसा?

दवाखान्यात लालासाहेबांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. हात गरम होते. बाईंनी ते गरम हात धरले तेव्हा त्यांना उलट धीर आला, की थंडी लागलेली नाही.

तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "आत शेगडी होती का?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "पण धूर अजिबात नव्हता. कोळसा लाल झाल्यावरच आत घेतला आसंल. मी सांगितलं होतं तसं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, त्याचा धूर दिसत नाही. वासही येत नाही. निखारा बंद जागेत जळत राहिला की विषारी वायू होतो, आणि तो रक्तात भिनतो. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. एखादी फट असती तरी बरं झालं असतं. तंबूला जाळी नव्हती का?"

बाईंच्या नजरेपुढं रेनकोटच्या कापडावरचा टाका आला. दुहेरी, जवळजवळ, एकसारखा. तसा टाका त्यांच्याइतका सुबक गल्लीत कुणाचा नव्हता.

त्या भिंतीला टेकल्या. रडू आलं नाही. सलिमानं खांद्याला धरून बाकावर बसवलं, तशा त्या बसल्या, आणि समोरच्या दारावर लिहिलेलं एकेक अक्षर लहान पोरीसारखं मनात वाचत राहिल्या.

इलाही बाहेर पायऱ्यांवर बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. बाई जवळ गेल्या तरी त्यानं वर बघितलं नाही.

"माझ्या पालात मी होतो," तो म्हणाला. "थंडीनं नीट झोप न्हाई, नुसता कुशी बदलत. पहाटं नमाजाला उठलो. तवा लालाची घंटी वाजाय लागली. हाक मारली, ओ दिली न्हाई. म्हटलं, वैनीनं दिलेल्या ऊबंत गाढ झोपलाय शाणा."

"मग?"

इलाहीनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "आधी मासा काढला, वैनी. मोठा कटला होता. दोरी तुटंल म्हणून दमवत बसलो त्याला. म्हटलं, झिप उघडून लालाच्या तोंडापुढंच धरतो, उठल्या उठल्या दिसंल. मासा हातात घिऊनच झिप उघडली मी."

बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. कुणी कुणाला समजावलं नाही.

दुपारी शिवतेजचा फोन आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं. बाईंनी सगळं सांगितलं, तंबू, जाळी, कोळसा.

"हाईस का रं?"

"आई, झिप लावून कोळसा? असं कुणी करतं का?"

"तूच म्हणालास की बुखारी असती तंबूत."

"बुखारीला वर नळकांडं असतं, आई. सगळा धूर बाहेर जातो. आणि झोपायच्या आधी विझवतात. विझली का बघायला एक जण जागा ठेवतात, रोज. त्यावर किती सक्त ऑर्डर असते, तुला माहीत नाही."

"हे तू सांगितलं न्हाईस."

"तुला काळजी लागेल म्हणून नाही सांगितलं."

बाईंच्या कानात ते शब्द शिरले आणि तिथंच राहिले. आपल्याला काळजी लागू नये म्हणून लेकानं अर्धीच गोष्ट सांगितली, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर आपण त्याच्या बापाला निजवलं. आणि तो लेक अजूनही रोज त्याच आगीशेजारी झोपतोय. कालपर्यंत त्या कल्पनेनं त्यांना ऊब वाटत होती. आता त्यांनी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"विझवणाऱ्यालाच झोप लागली तर?" त्यांनी विचारलं.

शिवतेज म्हणाला, "नाही लागत, आई." आणि ते खोटं आहे की खरं, हे पहिल्यांदाच त्यांना पारखता आलं नाही.

लालासाहेबांनी दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. बायकोला ओळखलं. धरणावरची रात्र मात्र त्यांच्या डोक्यातून पार पुसून गेली होती. घरी आल्यावरही बरेच दिवस बोलता बोलता मधेच थांबायचे, वाटीला वाटी म्हणायला शब्द सापडायचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हळूहळू सुधारेल, नशीब थोर. बाईंनी देवळात दत्ताच्या चरणी नारळ ठेवला, पण तिथं उभं राहूनही त्यांना काही मागता आलं नाही. काय मागावं तेच कळेना.

त्यांच्यातच काहीतरी मोडलं होतं. भाजीच्या गाड्यापुढं उभ्या राहायच्या आणि वांगं हातात घेऊन तसंच खाली ठेवायच्या. मंडईत सलिमा बरोबर असली की म्हणायच्या, "तूच निवड गं." सलिमाला आधी चेष्टा वाटली. मग तिनं बाईंचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं वांगी निवडून पिशवीत घातली. शेजारची सून मिक्सर घ्यायला बोलवायला आली, तर बाई म्हणाल्या, "मला न्हाई त्यातलं कळत." ती बिचारी उंबऱ्यातच थबकली. तंबू त्यांनी अंगणात पसरून कात्रीनं कापला. कापड एवढं चिवट की हाताला फोड आले.

आणि लालासाहेब पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. दुखण्यातून उठलेला माणूस आहे, बसू दे, असं बाई आधी म्हणाल्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शब्द परत आले होते, पण ते वापरायची लालासाहेबांना गरज वाटेनाशी झाली. गळ माळ्यावर होता. तो खाली काढा असं त्यांनी कधी म्हटलं नाही. बायकोला वाईट वाटेल म्हणून ते म्हणत नाहीत, हे बाईंना एक दिवस ताट वाढताना कळलं. जेवण समोर ठेवलं तरी माणसानं मान वळवली नाही. कोळशाशिवायसुद्धा माणूस बंद खोलीत तसाच विझत जातो, हे त्या उघड्या डोळ्यांनी बघत होत्या.

त्या उठून इलाहीच्या दुकानात गेल्या. मशीनवर ट्रॉलीची ताडपत्री चढली होती.

"भावजी, ह्यांना धरणावर न्यायचंय. आडोसा तुमीच ठरवा."

इलाहीनं मशीन थांबवलं. "मला काय कळतंय त्यातलं वैनी? खोटं कशाला बोलू. तुमचा तंबू बघून त्या हिवाळ्यात मी बी तसलाच घ्यायला निघालो होतो. सलिमानं नको म्हटलं, मला आत कोंडल्यासारखं हुतंय म्हणून. न्हाईतर त्या सकाळी झिप उघडायला कुणीच नव्हतं."

बाई बाहेरच्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाल्या, "ते पाल उभं करा."

मोकळ्या जागेत पाल उभं राहिलं. बाई आत गेल्या. हात फिरवायचा म्हणून हात उचलला, पण तो मधेच थांबला. त्या नुसत्या बसून राहिल्या. पुढून रस्ता दिसत होता, मागून बाभळ. वारा तोंडावर येत होता आणि पाठीवरून निघून जात होता. केस उडत होते, ते त्यांनी सावरले नाहीत.

"ह्याला दार करायचं न्हाई," त्या आतूनच म्हणाल्या. "मागं एक कनात लावा, वर गुंडाळता येईल अशी. ती बी नुसती दोरीनं बांधायची. बाकी गोधड्या मी देते. जेवढ्या लागतील तेवढ्या."

"शेगडी?"

"विस्तव लांब. चहापुरता, भायेर, पाण्याकडंला." पालाबाहेर येत त्या म्हणाल्या, "आणि मी बी येणार."

"वैनी, तिथं मासं असत्यात," इलाही म्हणाला. "माळ घालून?"

"मासं पाण्यात असत्यात. मी काठावर बसंन."

पुढच्या शनिवारी छोट्या हत्तीत पुढं तिघं दाटीवाटीनं बसली आणि मागं गोधड्यांचा ढीग. लालासाहेबांनी गळ मांडीवर धरला होता. सातारा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. सातारा ओलांडल्यावर म्हणाले, "पेंड घेतली का रं?"

"घेतली."

"मैदा?"

"सगळं घेतलंय. तू गप बस," इलाही म्हणाला, आणि तोंड खिडकीकडं फिरवून त्यानं डोळे पुसले.

दिवस मावळताना फुगवट्याचं पाणी शिशासारखं झालं. पाल उभं राहिलं. लालासाहेबांनी घंटी बांधली, दोनदा हलवून बघितली, आणि येऊन बायकोशेजारी गोधडीत बसले. डोंगरावरून गार वारा सुटला. तो पालातून आरपार जात होता, ताडपत्री फडफडत होती. बाईंच्या नाकाला, कानाला झोंबत होता. त्यांनी नवऱ्याच्या कानांवर मफलर ओढला.

"थंडी वाजती का?" लालासाहेबांनी विचारलं.

"वाजती."

"मागची कनात सोडू?"

बाईंनी वळून बघितलं. मागं अंधारत चाललेलं रान उघडं दिसत होतं. त्यांनी नवऱ्याचा गार हात आपल्या हातात घेतला, घट्ट धरला.

"ऱ्हाऊ द्या तशीच," त्या म्हणाल्या.